राणीच्या नावावर काय होतं?

1725 साली रशियाचा झार पीटर पहिला वारला आणि त्याची बायको कॅथरीन पहिली गादीवर बसली. रशियाच्या गादीवर स्वतःच्या नावाने बसलेली ती पहिली बाई. त्याच वर्षी मे महिन्यात सीनेकाठच्या चौंडीत माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. पुढे 13 ऑगस्ट 1795 रोजी अहिल्याबाई महेश्वरला गेल्या, आणि पंधरा महिन्यांनी, नोव्हेंबर 1796 मध्ये, सेंट पीटर्सबर्गला कॅथरीन दुसरी गेली. तिच्यानंतर रशियाच्या गादीवर पुन्हा बाई बसली नाही. मधल्या एकाहत्तर वर्षांत तिथे पुरुषांच्या वाट्याला मोजकीच वर्षं आली. पीटर दुसऱ्याने तीन वर्षंही काढली नाहीत, पीटर तिसऱ्याला सहा महिन्यांत हटवलं, आणि सहावा इव्हान तर पाळण्यातला झार. बाकी सगळा काळ कॅथरीन, अ‍ॅना, एलिझाबेथ आणि पुन्हा कॅथरीन. रशियातलं बायकांचं राज्य आणि चौंडीच्या लेकीचं आयुष्य असं जवळजवळ एकाच मापाचं निघतं.

हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण दोन्हीकडच्या राजघराण्यांतल्या बायकांना एकच प्रश्न विचारायला तो बरा पडतो. प्रश्न असा, की यांच्या हातात नेमकं काय होतं? शौर्य, भक्ती, सौंदर्य, कारस्थान यांवर पुष्कळ लिहून झालं. जमीन कुणाच्या नावावर होती, पैसा कुणाच्या सहीने निघत होता आणि नवरा मेल्यावर त्यातलं काय उरत होतं, हे मात्र फार कमी वेळा विचारलं जातं.

प्रश्न मिरजगावात बसून विचारायलाही हरकत नाही. कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. इथून तास-दीड तासाच्या टापूत शेजारच्या जामखेड तालुक्यातली चौंडी आहे, 1795 च्या लढाईचं खर्डा आहे, शिंद्यांच्या जहागिरीचं श्रीगोंदा आहे आणि चांदबिबीचा नगरचा किल्लाही आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. 31 मे 2023 रोजी चौंडीत त्याची घोषणा झाली, पुढच्या वर्षी केंद्राची मंजुरी आली, आणि 6 मे 2025 रोजी राज्याचं मंत्रिमंडळ चौंडीत बैठकीला बसलं. जिल्हा एका राणीच्या नावाने, गावोगावी तिचे पुतळे, जयंतीला मिरवणुका. एवढं सगळं असताना तिच्या कारभाराचा पाया काय होता, हे विचारलं तर मंदिरं आणि घाट यांच्यापलीकडे उत्तर सहसा जात नाही.

सुरुवात मात्र अहिल्याबाईंच्या दीडशे-दोनशे वर्षं आधीपासून करायला हवी, कारण या जिल्ह्यातली पहिली कारभारीण राणी चांदबिबीही नाही, तिची आई आहे. हुसेन निजामशहाची बेगम खुंजा हुमायूं. 1565 मध्ये, तालिकोटच्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत हुसेन वारला, मुलगा मुर्तजा लहान, आणि काही वर्षं अहमदनगरचा कारभार या बाईने पाहिला. मुलगा मोठा झाल्यावर त्यानेच तिला कैद केलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची फार्सी सचित्र पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेनच्या स्तुतीसाठी रचलेली. तिच्यातल्या चित्रांत सुलतानाशेजारी, कधी त्याला खेटून, राणी बसलेली होती. होती असं म्हणायचं, कारण पुढे कुणीतरी बहुतेक चित्रांतली तिची आकृती रंगाने झाकून टाकली. सुलतान शाबूत आहे, तक्त शाबूत आहे, चवरी ढाळणारे सेवक शाबूत आहेत, आणि राणीच्या जागी नुसता डाग. दख्खनच्या इतिहासातलं याहून बोलकं पान मला माहीत नाही.

चांदबिबी तिची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. 1580 मध्ये त्याचा खून झाला तेव्हा वारस इब्राहिम नऊ-दहा वर्षांचा होता, त्याच्या वतीने तिने विजापूरचं राजकारण सांभाळलं, त्यात एकदा कैदही भोगली. नंतर माहेरी नगरला आली, आणि 1595 च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद किल्ल्याला वेढा घालून बसला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती बुरखा घेऊन, तलवार हातात घेऊन खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात तट बुजवून घेतला, हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचा व्यवहार फारसा कुणी सांगत नाही. तिने वऱ्हाड देऊन तह केला. म्हणजे एक प्रांत सोडून राजधानी वाचवली, आणि हा हिशेब तिचा होता. 1600 मध्ये मोगल पुन्हा आले, तिने पुन्हा बोलणी करायचा विचार केला, तेव्हा फितुरीचा आळ घेऊन तिच्याच माणसांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्लाही पडला. नगरजवळच्या डोंगरावर लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वास्तू सलाबतखानाची कबर आहे. म्हणजे जे तिचं नव्हतं ते लोकांनी तिच्या नावावर केलं. जिवंतपणी मात्र तिची सगळी सत्ता दुसऱ्याच्या नावावर होती, कधी पुतण्याच्या, कधी भाचरांच्या.

अल्पवयीन वारस आणि त्याच्या आडून चालणारा बाईचा कारभार, ही दख्खनची आणि मराठ्यांची नेहमीची वाट. ताराबाईंनी 1700 ते 1707 औरंगजेबाशी युद्ध चालवलं ते मुलाच्या नावाने. 1714 मध्ये कोल्हापुरात त्यांना कैदेत टाकलं तेही राजसबाईंच्या मुलाच्या नावाने. 1731 मध्ये डभईला सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर त्यांच्या आई उमाबाईंनी घराण्याची सूत्रं हातात घेतली, पण सेनापतिपद मुलाच्या नावावर. रशियाने इथे वेगळी वाट काढली होती. आपल्या मागे कोण, हे झारनेच ठरवायचं, असा कायदा पीटरने 1722 मध्ये केला. वारसाहक्क असा सैल झाला, आणि मग ज्याच्या मागे राजधानीतल्या पलटणी तो झार. बायकांना यातून वाट मिळाली. जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानातून आलेली, धर्म आणि नाव बदललेली सोफी नावाची मुलगी 1762 च्या उन्हाळ्यात पलटणींच्या जोरावर नवऱ्याला हटवून कॅथरीन दुसरी झाली. तिच्यामागे ना रक्त होतं, ना अल्पवयीन मुलाची आड. मुलगा होता, पॉल, पण त्याला तिने चौतीस वर्षं गादीपासून दूर ठेवलं.

मराठ्यांकडे अशी सोय नव्हती. पण दुसरी एक सोय होती, खासगी. राज्याचा महसूल, फौजेचा खर्च, पेशव्यांचा वाटा हे दौलतीच्या खात्यात. राणीच्या नावे वेगळी नेमून दिलेली गावं-परगणे आणि त्यांचं उत्पन्न हे खासगीच्या खात्यात. होळकरांच्या घरात ही व्यवस्था 1734 ची. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे बाजीराव पेशव्यांनी वर्षाला सुमारे तीन लाखांच्या उत्पन्नाची खासगी नेमून दिली. सरदार लढाईत मेला, कर्जात बुडाला, पेशव्यांची मर्जी फिरली, तरी घर उघड्यावर पडू नये, हा त्यामागचा साधा व्यवहारी विचार. 1761 मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे, मधे पुरुष नाही. घराण्यातला हा एकच वारसा बायकांच्या ओळीने चालला.

हे डोक्यात ठेवलं की 1767 चा पेचप्रसंग नीट कळतो. अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गोळा लागून गेले होते, मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नव्हतं. 1766 मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी बाईंचा मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं म्हणणं, दत्तक घ्यावा, बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करावा. पेशव्यांचे चुलते राघोबादादा फौजेसह माळव्यात. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, शिंदे-भोसल्यांना पत्रं धाडली, फौज सज्ज केली, आणि माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. फौजेची सुभेदारी तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार आणि तिजोरी बाईंकडे. दादांना त्यांनी काय निरोप पाठवला, बायकांची पलटण उभी केली का, या गोष्टी कीर्तनात रंगतात. मला त्यापेक्षा चंद्रचूडांचा प्रस्ताव बोलका वाटतो. दत्तक म्हणजे अज्ञान मुलगा, अज्ञान मुलगा म्हणजे दिवाणाचा कारभार. आणि ज्या बाईला ते देवधर्माला लावू पाहत होते, तिच्या हातात आधीच खासगीचा पैसा होता आणि तो कसा वापरायचा हे तिला ठाऊक होतं.

कारण कारभाराची सवय तिला दोन वर्षांत लागलेली नव्हती. मल्हाररावांचं 1765 चं एक पत्र प्रसिद्ध आहे. सासरा सुनेला लिहितो. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे कूच करायचं, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करायला हरकत नाही, मोठा तोफखाना बरोबर ठेवायचा, दारूगोळ्याची शक्य तितकी बेगमी करायची, वाटेत चौक्यांचा बंदोबस्त करायचा. पत्रात उपदेश नाही, कौतुक नाही. एखाद्या जबाबदार कारकुनाला किंवा सरदाराला लिहावं तसं ते आहे, आणि त्यातच सगळं आलं.

मग ती प्रसिद्ध बांधकामं. 1780 च्या सुमाराचं काशीविश्वेश्वराचं देऊळ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद, घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. याला आपण भक्ती म्हणतो, आणि ती होतीच. पण एवढीच मोजदाद केली तर बाईंवर अन्याय होतो. हा पैसा मुख्यतः खासगीचा होता. दुसऱ्यांच्या मुलखात, नवाब-राजे-कंपनीच्या हद्दीत, एक विधवा जागा मिळवते, गवंडी नेमते, पुजाऱ्यांच्या आणि छत्रांच्या कायमच्या खर्चाची तरतूद करते, आणि हे सगळं हुंड्या आणि पत्रं यांच्यावर महेश्वरातून चालतं. एवढ्या लांबवर पसरलेला हिशेब सांभाळणारं कार्यालय त्या काळी फार थोड्या दरबारांत होतं. तुकोजींशी त्यांचे खटके उडायचे तेही पैशावरून. तुकोजी मोहिमेवर, फौजेचा पगार थकलेला, त्यांची मागणी सारखी. बाईंचं म्हणणं, आधीचा हिशेब द्या. तुकोजींची अडचणही खोटी नव्हती. तिजोरी आणि तलवार दोन हातांत ठेवण्याची किंमत होळकरशाहीने मोजली, आणि बाईंच्या मागे दोन वर्षांत तुकोजीही गेल्यावर ते घर भाऊबंदकीत उभं फाटलं. हे लिहिलं म्हणून पुण्यश्लोक या उपाधीला धक्का बसत नाही. खासगी मात्र टिकली. तिचा पुढे 1962 मध्ये ट्रस्ट झाला, आणि त्याच्या मालमत्तांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 2022 मध्ये न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास ठरवला.

अहिल्याबाईंच्या हाती कारभार आला त्याच 1767 साली कॅथरीनने मॉस्कोला देशभरातून प्रतिनिधी बोलावले आणि त्यांच्यापुढे कायद्यांविषयीचं स्वतः लिहिलेलं मोठं टिपण ठेवलं. युरोपभर तिचं नाव झालं. कुळांची गुलामगिरी मात्र तशीच राहिली, आणि 1773 मध्ये पुगाचोव्हचं बंड उठलं. दोघींची तुलना करून कोण थोर ते ठरवण्यात मला रस नाही. एकीकडे अफाट साम्राज्य, दुसरीकडे पेशव्यांच्या हाताखालची एक दौलत. पण एक गोष्ट जुळते. रशियात 1753 पासून उमराव घराण्यातल्या विवाहितेला आपली मालमत्ता नवऱ्याच्या परवानगीशिवाय सांभाळण्याचा, विकण्याचा हक्क होता. इंग्लंडमधल्या बाईला तो पुरता मिळायला 1882 उजाडलं. ‘मागासलेला’ रशिया आणि ‘मागासलेली’ मराठेशाही, दोन्हीकडे वरच्या थरातल्या बाईच्या नावावर काहीतरी होतं, आणि सुधारलेल्या इंग्लंडात लग्न झालं की सगळं नवऱ्याचं.

हे खुद्द एका इंग्रज बाईने ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्यासमोर कबूल केलं आहे. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. 1827 मध्ये दौलतराव गेल्यावर त्यांनी दत्तक घेऊन सहा वर्षं ग्वाल्हेर चालवलं. सावकारीत मुरलेल्या. कंपनी सरकारने त्यांच्याकडून मोठं कर्ज घेतलं होतं. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप त्यांनी बांधला. 1833 मध्ये दत्तक मुलाने फौज फिरवून त्यांना बाहेर काढलं, कंपनीने हात वर केले. नंतर फतेहगडच्या छावणीत फॅनी पार्क्स नावाची प्रवासी लेखिका त्यांना भेटायला जाऊ लागली. तिथल्या बायका घोड्यावर पुरुषांसारखी मांड ठोकून बसत. फॅनीचं दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचं इंग्रजी खोगीर बघून त्या हसल्या. मग फॅनीने नऊवारी नेसून मांड टाकली आणि ही बैठक जास्त भक्कम आहे हे मान्य केलं. बोलता बोलता विषय कायद्यावर गेला, तेव्हा विवाहित इंग्रज स्त्रीला आपले कायदे किती जाचक आहेत, हेही तिने सांगितलं. राज्य गेलेली राणी आणि हक्क नसलेली मेमसाहेब एकमेकींची कीव करताहेत, असा तो प्रसंग आहे.

बायजाबाईंच्या वडिलांचं, सर्जेराव घाटग्याचं, नाव मात्र याच जिल्ह्यात फार वाईट कारणाने घ्यावं लागतं. महादजी शिंदे 1794 मध्ये वानवडीला वारले. त्यांच्या विधवांनी, लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाईंनी, दत्तक दौलतरावाकडे आपल्या नेमणुकीची मागणी लावून धरली, त्याच्या वागण्यावरही उघड बोट ठेवलं. सर्जेराव घाटग्याने 1798 मध्ये या बायकांना ओढून काढून चाबकाने मारलं. बऱ्हाणपूरला पाठवतो असं सांगून प्रत्यक्षात त्यांना नगरच्या किल्ल्यात कैदेत टाकायचा बेत होता. वाटेत मुजफ्फरखान नावाच्या पठाण सरदाराने त्यांना सोडवलं, आणि तिथून शिंदेशाहीतली यादवी पेटली. इतिहासात तिला बायांचं बंड म्हणून एखादं पान मिळतं. भांडण पोटगीचं होतं. ज्याच्या नावावर दौलत, तो विधवांचा वाटा देईना. यांच्याकडे गौतमाबाईंसारखी पक्की खासगी असती तर बंडाची वेळच आली नसती, असं माझं मत आहे.

नकोशा झालेल्या राणीचं करायचं काय, हा प्रश्न दोन्ही देशांनी आपापल्या परीने सोडवला. रशियाचं उत्तर मठ. पीटरची बहीण सोफिया 1682 पासून सात वर्षं राज्य चालवत होती. तिला मॉस्कोच्या नोवोदेविची मठात कोंडलं, आणि 1698 च्या बंडानंतर पीटरने तिच्या खिडकीसमोर बंडखोरांची प्रेतं लटकवून ठेवली. त्याच वर्षी पीटरने पहिली बायको येवदोकिया हिलाही सुझदलच्या मठात धाडलं. आपल्याकडे मठ नव्हते. आपल्याकडे किल्ले होते, देवधर्म होता आणि चिता होती. 1749 मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा त्यांच्या राणी सकवारबाईंनी सती जावं यासाठी त्यांच्यावर दाब आला, कारण त्या जिवंत राहिल्या असत्या तर वारसाचा डाव त्यांनी मांडला असता. राघोबादादा 1783 मध्ये याच जिल्ह्यातल्या कोपरगावात वारले, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना उरलेली वर्षं तिथे आणि नंतर नाशिकजवळ आनंदवल्लीत नजरकैदेसारखी काढावी लागली. ‘ध’चा ‘मा’ त्यांनी केला की नाही हे सिद्ध झालेलं नाही, पण पोरासोरांच्या तोंडी शिक्षा कायम झाली. आणि सतीतून वाचलेल्या अहिल्याबाईंना 1791 मध्ये आपली एकुलती एक मुलगी मुक्ताबाई सती जाताना बघावी लागली. त्यांनी विनवण्या केल्या, ती ऐकली नाही. जिचा शब्द काशीपासून सोमनाथापर्यंत चालत होता, तिचा घरात चालला नाही.

दोन्हीकडची दारं बंदही झाली. पॉलने आईचा राग कायद्यात उतरवला. 1797 च्या नियमाने घराण्यात एकही पुरुष उरला नाही तरच बाईचा नंबर. आपल्याकडे ते काम कंपनीने केलं. सातारा 1848, नागपूर आणि झाशी 1854. दत्तक नामंजूर झाला की राणीच्या कारभाराचा आधारच जायचा. झाशीच्या लक्ष्मीबाईंची लढाई आपण तलवारीने मोजतो. तिची सुरुवात दत्तक मान्य करा, असं सांगणाऱ्या अर्जांनी झाली होती. पुढे 1875 मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंना दत्तक घ्यायची मुभा मिळाली ती ब्रिटिशांच्या सोयीने, आणि त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा निवडला. तेच सयाजीराव. त्यांच्या पत्नी दुसऱ्या चिमणाबाई 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. तोवर राणीपणाचा अर्थ बदलला होता. रशियात तर तो संपलाच होता. शेवटची झारीन अलेक्झांड्रा जुलै 1918 मध्ये नवरा आणि मुलांसह एका तळघरात मारली गेली.

कॅथरीनने आठवणी लिहून ठेवल्या, पत्रांचे ढीग मागे ठेवले, त्यामुळे तिच्यावरची चरित्रं संपत नाहीत. आपल्या राण्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. हिशेब लिहिले. ते मोडीत आहेत. काही पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, काही कागद महेश्वर दरबारच्या बातमीपत्रांसारखे छापून आले, आणि पुष्कळसे अजून घराघरांत माळ्यावर पडून असावेत. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या तालुक्यांत पाटील-कुलकर्ण्यांची, देशमुख-देशपांड्यांची जुनी घरं आहेत. होळकर-शिंद्यांच्या खासगी गावांचे ताळेबंद, वर्षासनाच्या सनदा, एखाद्या बाईच्या नावचा इनामपट्टा त्यांत निघू शकतो. घर पाडायला काढाल तेव्हा मोडीचे रुमाल रद्दीत घालू नका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते दाखवा, निदान फोटो काढून द्या.